व्हिजनला वाचवण्याचा स्टीव्ह रॉजर्सचा हट्ट नैतिकदृष्ट्या चूक होता का?

'ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर' (२०१८) या सुपरहिरो चित्रपटात खलनायक थानोस सहा इन्फिनिटी स्टोन गोळा करून विश्वातले निम्मे जीव संपवायला निघालाय. त्यातला एक, माइंड स्टोन, व्हिजन या यंत्रमानवाच्या कपाळावर आहे. व्हिजन स्वतःच म्हणतो, तो फोडा, मी गेलो तरी चालेल. स्टीव्ह, म्हणजे कॅप्टन अमेरिका, ऐकत नाही. जिवांचा सौदा करायचा नाही, हे त्याचं म्हणणं. पुढे विश्वातले निम्मे जीव जातात. हे पाप स्टीव्हच्या माथी मारायचं का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते व्हिजनला न मारता शस्त्रक्रियेने स्टोन काढण्यासाठी वाकांडा या तंत्रज्ञानात पुढारलेल्या देशात जायचा निर्णय बरोबर होता, पण त्यासाठी दिलेलं कारण टिकत नाही.

निवाडा करताना आधी शेवट विसरायचा आणि त्या क्षणी पात्राला काय ठाऊक होतं तेवढंच धरायचं. थानोसकडे दोन स्टोन आहेत, टाइम स्टोन सांभाळणारा जादूगार डॉ. स्ट्रेंज बेपत्ता आहे, एवढं त्यांचा शास्त्रज्ञ साथीदार बॅनर याच्याकडून कळलं होतं. त्यानेच हेही सांगितलं की व्हिजनचं मन जार्विस आणि अल्ट्रॉन या कृत्रिम बुद्धिमत्ता, टोनी (आयर्न मॅन), स्वतः बॅनर आणि स्टोन अशा सगळ्यांतून घडलंय, त्यामुळे स्टोन काढला तरी बराचसा व्हिजन उरेल. म्हणजे तिसरा मार्ग खरोखर होता. शिवाय 'वेळीच फोडला असता तर सगळे वाचले असते' हेही पक्कं नाही. शेवटी, तो फोडायची शक्ती असलेली वांडा तो फोडतेच, आणि थानोस टाइम स्टोनने काळ मागे फिरवून तो काढून घेतो.

आता तत्त्व. निरपराधाचा जीव हिशेबात टाकायचा नाही, याला वजन आहे. अपहृत विमान पाडायची मुभा देणारी कायद्यातली तरतूद जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली ती याच धाग्यावर: आतल्या प्रवाशांना केवळ साधन म्हणून वापरता येणार नाही. पण त्या प्रवाशांना कोणी विचारलेलं नसतं. व्हिजन तर आपणहून पुढे आलाय. तो स्टीव्हला विचारतो, सत्तर वर्षांपूर्वी तू लाखोंसाठी जीव दिलास, मग हे वेगळं कसं? बारकाईने पाहा, उत्तर स्टीव्ह देत नाही, बॅनर देतो: कारण तुझ्यापुढे कदाचित पर्याय आहे. स्टीव्हचं तत्त्व तिथेच गळून पडतं, उरतो तो पर्याय.

एक फरक मात्र खरा आहे. सत्तर वर्षांपूर्वी स्टीव्हने बॉम्बने भरलेलं विमान, आपला जीव जाणार हे धरून, स्वतःच्या हाताने बर्फात उतरवलं. व्हिजनला मारायचं ते वांडाने, जिचं त्याच्यावर प्रेम आहे. किती जीव वाचले एवढ्यावर हिशेब संपत नाही, कृत्य कोणाच्या हातून होतं हेही मोजावं लागतं, असा ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांचा १९७३ मधला युक्तिवाद होता. त्यामुळे कचरणं समजू शकतं. ठाम नकाराला मात्र तेवढं पुरत नाही.

आणि सौदा झालाच की! शत्रू वळसा घालून मागून व्हिजनपर्यंत पोचू नये म्हणून वाकांडाचा राजा टचाला देशाभोवतीच्या संरक्षक ढालीचा एक भाग उघडतो आणि त्याचे सैनिक मरतात. ते जाणूनबुजून लढायला उतरले होते, म्हणून त्याचं समर्थन करता येईल; पण मग 'सौदा नाही' हे म्हणता येत नाही.

खरी चूक मला योजनेत दिसते. स्टोन निघाला की लगेच वांडाने तो फोडायचा, असं ठरलं होतं. शस्त्रक्रिया अर्धवट राहिली तर? त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. मैदानातली माणसं चिरडली जाताना पाहून वांडा खाली उतरते आणि इकडे थानोसचा सरदार कॉर्व्हस ग्लेव्ह शस्त्रक्रिया चाललेल्या प्रयोगशाळेत घुसतो. 'शत्रू दारात आला की स्टोन डोक्यात असला तरी फोडायचा' ही अट आधीच घालून वांडाला जागेवरून हलू दिलं नसतं, तर स्टीव्हच्या निर्णयावर बोट ठेवायला फारशी जागा उरली नसती.

हीच मोजपट्टी स्ट्रेंजला लावताना सांभाळा. टोनीच्या जिवासाठी तो टाइम स्टोन देतो तेव्हा १ कोटी ४० लाख ६०५ भविष्यं पाहून बसलेला असतो. त्याच्या बाजूने लढणारा क्विल मात्र पहिल्याच पायरीवर अडकतो: थानोसच्या हातातून स्टोन बसवलेला हातमोजा निघत आलाय हे डोळ्यांसमोर दिसत असताना तो त्याला मारायला धावतो.