वाचक विचारतात : घरचा फ्युझर

प्रश्न : घरच्या घरी अणुसंलयन (हलकी अणुकेंद्रके जोडून एक करणे) करता येते असे वाचले. त्यातून विहिरीवरची मोटर चालेल एवढी वीज निघेल का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : संलयन होते, वीज निघत नाही. या यंत्राला फ्युझर म्हणतात. दूरचित्रवाणीच्या शोधकांपैकी एक असलेल्या फिलो फार्न्सवर्थ यांना त्याचे पेटंट १९६६ मध्ये मिळाले. १९६७ मध्ये रॉबर्ट हर्श यांचा त्यावरचा शोधनिबंध आला. पोलादी गोळ्याच्या मधोमध तारेची लहान जाळी असते, तिला हजारो व्होल्टचे ऋण व्होल्टेज देतात. गोळ्यातल्या विरळ वायूचे आयन (विद्युतभारित अणू) जाळीकडे धावतात. वायू ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असेल आणि व्होल्टेज २० हजारांच्या पुढे असेल, तर मोजके आयन जुळतात. हौशी मंडळींचे चांगले यंत्र सेकंदाला दहा लाखांच्या घरात न्यूट्रॉन देते. त्याचा हिशेब केला तर संलयनाची शक्ती भरते जेमतेम एक मायक्रोवॉट, आणि यंत्र खाते काहीशे वॉट! बहुतेक आयन जाळीच्या तारेवर आपटतात किंवा वाटेतल्या वायूला धडकून वेग घालवून बसतात. मोटरीचे विसरा.

प्रश्न : साध्या हवेवर चालणारा, फक्त प्लाझ्मा (आयनांचा चमकता वायू) दाखवणारा फ्युझरचा नमुना केला आहे. एसी दुरुस्तीचा दोन टप्प्यांचा पंप लावला, पण दाब ३०० मायक्रॉनखाली उतरत नाही. जांभळा धूसर उजेड सगळीकडे पसरतो, चांदणी (जाळीच्या मधोमध दिसणारा ताऱ्यासारखा उजेड) काही दिसत नाही. (शिक्षक, हिंगणघाट)

उत्तर : चांदणीसाठी साधारण ५० मायक्रॉनच्या आसपास यावे लागेल (मायक्रॉन आणि टॉर ही दाबाची एकके, १ मायक्रॉन म्हणजे ०.००१ टॉर). पंप आधी एकटा तपासा : त्याच्या तोंडावरच दाबमापी लावा. तिथे ३०-४० मायक्रॉन आले, तर दोष पुढे आहे. मग गोळ्याजवळचा व्हॉल्व्ह बंद करून दर मिनिटाला दाब लिहा. तो एकाच गतीने चढत राहिला तर गळती. आधी भराभर चढून मग मंदावला तर आतल्या भिंती वाफ सोडत आहेत.

गळती बहुधा सांध्यात सापडते. गॅस भरायची रबरी नळी काढून टाका, स्टीलची लवचिक नळी आणि व्हिटॉन रबराच्या ओ-रिंगा (सांधा बंद करणारी गोल कडी) घ्या. चुडींवर टेफ्लॉन टेप गुंडाळून हे काम निभत नाही. गोळ्याचे वेल्डिंग टिग (टंगस्टनच्या टोकाने, निष्क्रिय वायूच्या आवरणात करायच्या) पद्धतीने आतल्या बाजूने करून घ्या. बाहेरून केले की आत फट राहते आणि तिच्यातली हवा तासन्‌तास झिरपते. आंधळ्या (एका टोकाला बंद) भोकातल्या स्क्रूखालची हवाही तशीच छळते, म्हणून स्क्रूला आरपार बारीक भोक पाडा. सगळे सुटे भाग साबणाच्या पाण्याने, मग ॲसिटोनने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही.

आपल्याकडे हंगामही आडवा येतो. मृगानंतर दमट हवेतले पाणी पंपाच्या तेलात उतरते, तेल दुधाळ दिसते. पंपाचा गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी छोटी झडप) उघडा ठेवून अर्धा तास चालवा. तरीही दुधाळच राहिले तर तेल बदला. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये पंप ठेवू नका, तापलेल्या तेलाची वाफच दाब वाढवते.

जाळी ३ सेंटिमीटर व्यासाची, ०.५ मिलिमीटर टंगस्टनच्या तारेची पुरे. आत जाणाऱ्या तारेसाठी स्पार्क प्लग चालतो. जाळी लालभडक होते आणि व्होल्टेज बसते, तेव्हा समजा दाब अजून जास्त आहे. उजेड एकदम विझला तर दाब त्या व्होल्टेजला फार कमी झाला. पंपाकडचा व्हॉल्व्ह किंचित आवळा.

प्रश्न : कबाडीकडून मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मिळतो. गोळ्याऐवजी लोणच्याची काचेची बरणी चालेल का? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : दोन्ही नको. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला प्रवाहाची मर्यादा जवळपास नाहीच, एक स्पर्श जिवावर बेततो. निऑन पाटीचा जुना, लोखंडी गाभ्याचा, ३० मिलिॲम्पिअरचा घ्या. तोही मारू शकतो, पण स्वतःचा प्रवाह रोखतो. त्याच्या उच्च व्होल्टेजच्या गुंडाळीचा मधला बिंदू आणि गोळा अर्थिंगला. दोन्ही टोकांना उच्च व्होल्टेजचे डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे), ऋण बाजू जाळीकडे येईल असे. पुढे ५० किलोओहमचा तारेचा रेझिस्टर. कपॅसिटर लावू नका, चांदणीला त्याची गरज नाही. आरसीसीबीवर (गळतीचा प्रवाह दिसताच वीज तोडणारा स्विच) विसंबू नका, ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूचा झटका तिला दिसतच नाही. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो, खड्ड्यात पाणी ओतून मोजून घ्या. वीज बंद केल्यावरही अर्थिंगला जोडलेली, लांब दांड्याची सळई जाळीच्या तारेला टेकवल्याशिवाय हात घालू नका.

बरणीचे म्हणाल तर, १५ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हवेचा भार सुमारे १८० किलो येतो. बरणी आत फुटते आणि काचा बाहेर उडतात.

प्रश्न : पुढची पायरी म्हणून ड्युटेरियम भरले तर? (तोच वाचक)

उत्तर : घरी नाही. २.४५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे न्यूट्रॉन पोलादातून सहज पार होतात, आणि संलयनाला लागणाऱ्या २० हजारांपुढच्या व्होल्टेजला गोळ्याच्या खिडकीच्या काचेतून क्ष-किरणही येतात. असे यंत्र चालवायला २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. हवेवरचा नमुना १० हजार व्होल्टच्या आत ठेवा, आणि विज्ञान प्रदर्शनात मुलांना चांदणी कॅमेऱ्यातून पडद्यावर दाखवा.