दिवंगत श्री. सोसायटी यांची संपत्ती

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेचे ईमेल मी सचिव या नात्याने पाहते. गेल्या महिन्यात एका परदेशी बँकेच्या व्यवस्थापकाच्या नावाने मराठीत पत्र आले. ‘आपले आडनावबंधू अभियंता श्री. सोसायटी हे विमान अपघातात सहकुटुंब निधन पावले असून त्यांच्या खात्यात १ कोटी ४५ लाख डॉलर पडून आहेत, तरी पुढील नातलग म्हणून आपण उभे राहावे,’ असा त्यातला मजकूर होता. सर्वसाधारण सभेनंतर चहाच्या वेळी मी ते वाचून दाखवले, तेव्हा सभासदांची हसून हसून पुरेवाट झाली. हजारो लोकांना पाठवायचे पत्र कोणी इतके बावळटासारखे का लिहावे, आणि त्याला फसणारे खरोखर असतात का?
— सेवानिवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : आपल्या सभासदांना आलेले हसू अगदी योग्य होते, कारण पत्रातला खोटेपणा त्यांनी एका वाक्यात पकडला. हे पत्र माणसाने आपल्याला उद्देशून लिहिलेले नाही. संगणकाने आपल्या ईमेल पत्त्यातला एक शब्द उचलून आडनावाच्या जागी बसवला, आणि तो ‘सोसायटी’ निघाला. ‘पुढील नातलग’ हाही इंग्रजीत वारसासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा यंत्राने केलेला शब्दशः तर्जुमा आहे. मराठी माणूस सरळ ‘वारस’ म्हणेल.

या फसवणुकीला जगभर ‘फोर-वन-नाइन’ म्हणतात, कारण खोटी बतावणी करून दुसऱ्याची मालमत्ता मिळवण्याचा गुन्हा नायजेरियाच्या फौजदारी संहितेत ४१९ व्या कलमाखाली येतो. मात्र अशी पत्रे एकाच देशातून निघतात असे मानणे त्या देशावर अन्याय करणारे आहे, कारण ही युक्ती ईमेलपेक्षा फार जुनी आहे. गुन्हेगारीतून पोलिसांत आलेल्या फ्रान्समधील विदोक याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘जेरुसलेमची पत्रे’ या नावाने तिचे वर्णन करून ठेवले आहे. तुरुंगातले कैदी श्रीमंतांना पत्र लिहीत, की क्रांतीच्या धामधुमीत पळताना धन्याची दागिन्यांची पेटी आम्हाला टाकून द्यावी लागली, ती परत काढण्यासाठी थोडा खर्च पाठवा. अशा शंभर पत्रांपैकी वीस पत्रांना उत्तर येई, असे विदोक नमूद करतो. पुढे त्याच शतकात स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या धनिकाच्या नावाने अशीच पत्रे फिरू लागली. तेव्हाची पेटी आज बँकेचे खाते झाली आहे, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या मुख्य शंकेकडे वळतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारून त्याचे गणित मांडले. लाखो पत्रे पाठवायला ठगाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खरे कष्ट पडतात ते उत्तर देणाऱ्याशी आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार करण्यात, त्याचा विश्वास संपादन करण्यात आणि आधी वकिलाची फी, मग कर, मग मुद्रांक शुल्क असे टप्प्याटप्प्याने पैसे उकळण्यात. पत्र विश्वासार्ह असते, तर आपल्यासारख्या शंभर चाणाक्ष लोकांनी चौकशी केली असती आणि पैसे देण्याच्या वेळी ते सगळे बाजूला झाले असते, म्हणजे ठगाची मेहनत वाया गेली असती. अविश्वसनीय पत्र ही त्याची चाळणी आहे. हसणारे चाळणीतून खाली पडतात, आणि वर उरतो तो एकटा, आजारी, कर्जाने गांजलेला किंवा परक्या व्यवहाराची माहिती नसलेला माणूस.

२००५ साली साहित्याचे इग्नोबेल पारितोषिक, म्हणजे नोबेलची गमतीदार नक्कल असलेले पारितोषिक, नायजेरियातील अशा पत्रलेखकांना विनोदाने जाहीर झाले होते. तेव्हा या पत्रांवर हसणाऱ्या आपण काही पहिल्या नव्हेत, आणि चहाबरोबर अशी पत्रे मोठ्याने वाचण्याची प्रथा मी प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला सुचवेन, कारण ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याच्या घरी तसेच पत्र आलेले असू शकते. मात्र वाचताना ‘याला कोण मूर्ख फसणार?’ हे वाक्य कटाक्षाने टाळावे. तसे पत्र आलेला सभासद समोर बसला असेल, तर ते ऐकून तो कायमचा गप्प होईल.

प्रश्न : माझा खोलीतला मित्र अशा ठगांना मुद्दाम खोट्या नावाने उत्तरे पाठवतो आणि त्यांना आठवडाभर झुलवत ठेवतो. आम्हा सगळ्यांची छान करमणूक होते. यात काही धोका आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : धोका आहे, म्हणून त्याला थांबवा. उत्तर गेल्याक्षणी तो पत्ता चालू आहे आणि त्यामागे वाचणारा माणूस आहे हे ठगाला कळते, आणि असे पत्ते पुढे विकले जातात. उत्तराखाली आपोआप उमटणारी सही, त्यातला मोबाइल क्रमांक, खात्याचे छायाचित्र या गोष्टी खोटे नाव घेऊनही मागे राहतात. ठगाने पाठवलेली फाइल गंमत म्हणून उघडली, तर तिच्यात दडलेला प्रोग्रॅम वसतिगृहातल्या संगणकावर शिरायला वेळ लागत नाही. पलीकडे बसलेला माणूस टोळीसाठी काम करणारा सराईत असू शकतो, आणि दुखावला गेल्यावर तो धमक्यांवर उतरतो. हसायचे असेल, तर पत्र वाचून मनसोक्त हसावे आणि ते ‘स्पॅम’ म्हणून नोंदवावे.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७१) केंद्रीय तपास संस्थेच्या नावाने ईमेल आला. ‘तुम्ही इंटरनेटवर आक्षेपार्ह चित्रफिती पाहिल्या असून चोवीस तासांत खुलासा न दिल्यास अटक होईल,’ असे त्यासोबतच्या पत्रात लिहिले होते. बाबांनी दोन दिवस कोणाला काही सांगितले नाही आणि ते नीट जेवलेही नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या भावाने ते पत्र पाहिले, आणि त्यावरचे तीन वेगवेगळ्या खात्यांचे शिक्के व चुकीचे इंग्रजी पाहून आम्ही दोघे हसत सुटलो. तेव्हापासून बाबा आमच्याशी तुटक वागतात. आम्ही काय करावे?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : हे पत्र बनावट आहे. अशी पत्रे गेली काही वर्षे देशभर फिरत असून ती खोटी असल्याचा खुलासा केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने वेळोवेळी केला आहे. पोलिसांनी चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅप वा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा अटकेच्या भीतीचा प्रश्न येथेच मिटला.

बाबांच्या मनाचा प्रश्न मात्र राहतो, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. ठगाने आरोप कोणता निवडला ते पाहा. चोरीचा आरोप आला असता, तर बाबांनी संतापून घरभर सांगितले असते. हा आरोप असा आहे, की निर्दोष माणूससुद्धा तो मुलांसमोर उच्चारू शकत नाही. लाजेने त्याचे तोंड शिवले जाते आणि तो एकटा पडतो. त्याची पाचावर धारण बसली, की शिक्के तपासण्याचे भान कोणाला राहणार? शिक्का तीन खात्यांचा आहे हे आपल्याला दिसले, कारण त्या कागदावर आपले नाव नव्हते. आपण पत्रावर हसलात, आणि ते हसू आपल्यावर आहे असे बाबांना वाटले. त्यात आपला हेतू वाईट नव्हता, पण बाबांनी दोन दिवस काय सोसले याची विचारपूस आधी व्हायला हवी होती. ती आजही करता येईल.

अशाच एका घरात काय घडले ते सांगतो. त्या गृहस्थांची उभी हयात सरकारी कार्यालयात, आवक-जावक टेबलावर गेली होती. मी त्यांना त्यांना आलेल्या पत्राची छापील प्रत आणि लाल पेन दिले आणि म्हणालो, “काका, हे पत्र तुमच्या टेबलावर सहीला आले आहे असे समजून तपासा.” त्यांनी चष्मा लावला. जावक क्रमांक नाही, म्हणून पहिली रेघ ओढली. ‘विषय’ आहे, पण ‘संदर्भ’ नाही. ‘प्रति’च्या खाली नाव-पत्ता नसून नुसतेच ‘महोदय/महोदया’ आहे. सही करणाऱ्याचे पदनाम वर एक आणि खाली दुसरेच आहे. उत्तर पाठवायचा पत्ता कोणालाही फुकट मिळणाऱ्या ईमेल सेवेतला आहे, शासनाचा नाही. दहा मिनिटांत पान लाल झाले आणि काका म्हणाले, “असले पत्र आमच्या साहेबांनी माझ्या तोंडावर फेकले असते.” त्यानंतर ते स्वतःच हसले. आपल्या बाबांनी आयुष्यभर जे काम केले असेल, त्या नजरेने त्यांना ते पत्र तपासू द्या, आणि पहिली चूक त्यांना काढू द्या.

प्रश्न : आता तर बँकेच्या नावाने शुद्ध मराठीत ईमेल येतात, एकही चूक सापडत नाही. मग ओळखायचे कसे? आणि फसलोच, तर पुढे काय करायचे?
— किराणा व्यापारी, लातूर

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ठगांची भाषा सुधारली आहे, त्यामुळे व्याकरणाच्या चुकांवर विसंबून राहण्याचे दिवस गेले. आता भाषेऐवजी पत्ता वाचावा. पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो. त्या नावावर बोट ठेवले की मागचा पत्ता दिसतो. संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीच्या ‘https://’ नंतरची पहिली तिरकी रेघ शोधावी आणि तिच्याआधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा, कारण खरा मालक उजव्या टोकाला असतो. बँकेचे नाव सुरुवातीला आणि शेवटी भलतेच नाव असेल, तर ते संकेतस्थळ त्या भलत्याचे आहे. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरे शेजारी आली की ‘एम’सारखी दिसतात, याचाही फायदा घेतला जातो. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता, त्यामुळे ही शेवटची अक्षरे पाहण्याची सवय उपयोगी पडेल. प्राप्तिकर खात्याच्या नावाने पत्र आले, तर १ ऑक्टोबर २०१९ पासून अशा पत्रांवर दिला जाणारा दस्तऐवज क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. यातले काहीच जमले नाही, तर ईमेलमधल्या दुव्याला हात न लावता पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करावा.

पैसे गेले असतील, तर लाजण्यात एक मिनिटही घालवू नये. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा, म्हणजे ती रक्कम पुढच्या खात्यांत पोहोचण्याआधी अडवण्याचा प्रयत्न होतो, आणि त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर तोटा येत नाही. आपणच ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा आपला आणि कळवल्यानंतरचा बँकेचा ठरतो. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण त्यासाठी तक्रार लागते आणि पुरावाही लागतो. म्हणून मूळ ईमेल संतापाने पुसून टाकू नका; पोलिसांना तो माग काढण्यासाठी लागतो, आणि त्याची केवळ छापील प्रत पुरत नाही.