'सामाजिक लोकशाही पक्ष' म्हणावं का?

विचारणा अशी आहे: चेक राजकारणावरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे, तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला 'सामाजिक लोकशाही पक्ष' म्हणावं की 'समाजवादी लोकशाही पक्ष'?

मी दोन्ही टाळीन.

पहिला पर्याय शब्दाला शब्द ठेवून पाहिला तर बिनचूक आहे. अडचण मराठी कानाची आहे. आपल्याकडे 'सामाजिक लोकशाही' म्हटलं की बाबासाहेब आठवतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावलं होतं की, नुसत्या राजकीय लोकशाहीवर थांबून चालणार नाही, तिच्या बुडाशी सामाजिक लोकशाही हवी. म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता रोजच्या जगण्यात उतरायला हवी. मराठीत हा शब्द त्या अर्थाने रुजला आहे. तोच प्रागमधल्या पक्षाला लावला, तर वाचक तो जातिअंताच्या चळवळीतून आलेला समजेल. हा पक्ष मात्र ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या कामगार चळवळीतून १८७८ साली निघाला.

दुसरा पर्याय तर उलटाच जातो. 'समाजवादी लोकशाही' हे पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटींनी स्वतःच्या कारभाराला दिलेलं नाव. त्याच राजवटीने १९४८ च्या जूनमध्ये हा पक्ष जबरदस्तीने कम्युनिस्ट पक्षात विलीन करून टाकला. गिळणाऱ्याचं नाव गिळलेल्याला कशाला द्यायचं?

मुळात या शब्दानेच बऱ्याच कोलांट्या मारल्या आहेत. लेनिनचा पक्षसुद्धा १९१८ पर्यंत नावाने सोशल डेमोक्रॅटिकच होता. त्याची १९१२ ची परिषद प्रागमध्ये भरली, तीही चेक सोशल डेमोक्रॅटांच्या 'लिडोव्ही दूम'मध्ये, म्हणजे लोकगृहात. पुढे कम्युनिस्ट राजवटीत त्याच वास्तूत लेनिन संग्रहालय थाटलं गेलं. यजमान घराबाहेर आणि पाहुण्याची तसबीर भिंतीवर!

१९८९ नंतर तर शेजारच्या देशात अर्थ बदलला. पोलंडमध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने जानेवारी १९९० मध्ये गाशा गुंडाळला आणि त्याच अधिवेशनातून क्वास्निएव्स्की यांच्या नेतृत्वाखाली 'सोशल डेमोक्रसी' नावाचा नवा पक्ष उभा राहिला. तिथे हा शब्द म्हणजे कम्युनिस्टांनी टाकलेली कात. प्रागमध्ये मात्र तो जुन्या, दडपलेल्या पक्षाचं पुनरुज्जीवन. त्याच पक्षाचे मिलोश झेमान १९९८ मध्ये पंतप्रधान झाले, आणि २०२१ मध्ये पाच टक्के मतांची अट न गाठल्यामुळे पक्ष संसदेच्या कनिष्ठ सभागृहाबाहेर फेकला गेला. एका मराठी प्रतिशब्दात हे दोन्ही इतिहास मावणार नाहीत.

म्हणून नाव 'चेक सोशल डेमोक्रॅटिक पक्ष' असंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला 'लोकशाही समाजवादी विचारांचा' एवढं जोडा. 'लोकशाही समाजवाद' आपल्याला एसेम जोशी, नाथ पै यांच्यापासून ओळखीचा आहे. तंतोतंत नसला तरी वाचकाला योग्य दिशेला नेतो. नावांचं भाषांतर करूच नये असं माझं म्हणणं नाही. ब्रिटनच्या पक्षांना 'हुजूर' आणि 'मजूर' म्हणणाऱ्याला माझा दंडवत! पण असं यमक दर वेळी हाती लागत नाही.

जाता जाता, त्याच लेखात 'उत्तर-साम्यवादी देश' लिहिलं असेल तर 'साम्यवादोत्तर' करा. 'उत्तर पेशवाई' आपण बिनदिक्कत म्हणतो, पण देशांच्या नावाशेजारी 'उत्तर' आलं की वाचक नकाशात वर बघायला लागतो.