रेकॉर्डिंगच्या आधी लोकांचे कागद बघ

अगं, तुझा मेसेज रात्री वाचला. मोडी लिपीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदांतलं ते वळणदार अक्षर वाचायचा, ऑनलाइन क्लास काढतेयस, खूप बरं वाटलं. पण आधी २४ व्हिडिओ रेकॉर्ड करणार आणि मग लिंक टाकणार असं लिहिलंयस ना, तिथे थांब जरा.

मी हेच केलं होतं. बाराखडी, जोडाक्षरं, मग शिवकालीन पत्रं, मग पेशवेकालीन, सगळं क्रमाने, दोन महिने रात्री जागून. चार जण आले. त्यातल्या एका काकांनी तिसऱ्याच दिवशी फोटो पाठवला, गावच्या कोतवाल बुकाचं, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचं, पान, पिवळं पडलेलं, घडीवरची शाई गेलेली, आणि विचारलं, "सर, ह्यात माझ्या पणजोबांचं नाव कुठंय?" मी म्हटलं ते पुढच्या भागात येईल. काका परत आलेच नाहीत आणि ते मला अजून लागतं. त्यांना "अमुक बिन तमुक" मधला तो 'बिन' (म्हणजे 'चा मुलगा') ओळखायला शिकवला असता तरी बाप-लेकाची साखळी त्यांनी स्वतः लावली असती.

२०२३ मध्ये जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना किती विचारणा होते ते तू बघतेच आहेस. पण विचारणारे सगळे एकाच प्रकारचे गिऱ्हाईक नाहीत गं. कुणाला एक नोंद फक्त वाचून हवीय, शिकायचं नाहीच, त्याला क्लास गळ्यात मारू नकोस, सरळ वाचून दे आणि त्याचे पैसे घे. कुणाकडे आजोबांचं खरेदीखत आहे आणि भावकीत वाद चालू आहे. कुणी इतिहासात एमए करतंय. कुणाला नुसतं वळणदार अक्षर काढायचंय. एकाच क्लासात हे चौघे बसले तर तिघे कंटाळतात.

म्हणून आधी दहा-पंधरा जणांना फोन कर. फॉर्म नको, फॉर्मवर लोक टिक मारून मोकळे होतात, फोनवर बोलतात. आणि "क्लास काढला तर याल का?" हे विचारूच नकोस, आपल्याकडे तोंडावर नाही कोण म्हणतं, सगळे "हो हो, नक्की" म्हणणार. त्यापेक्षा विचार, घरात मोडी कागद आहे का, शेवटचा कुणाला दाखवला, वाचून द्यायचे किती घेतले, स्वतः वाचायला बसलात तर कुठे अडलात. मग गप्प बस आणि ऐक. जमलं तर कागदाचा फोटो माग, पण जमिनीचे कागद आहेत, ते ग्रुपवर टाकायचे नाहीत हे आधीच सांग आणि पाळ.

फोटो समोर आले की काय शिकवायचं ते आपोआप कळतं. माझ्याकडे आलेले बहुतेक कागद इंग्रज आमदानीतले होते आणि मी मात्र शिवकालापासून सुरुवात करून बसलो होतो! लोक अडत होते ते शब्द कुठे तुटतो तिथे, कारण मोडीत आधी सलग रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली न थांबता लिहीत जायचं, वेलांटी-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि तारखेत सुहूर सन, म्हणजे अरबी आकड्यांची जुनी कालगणना, 'इसन्ने' (दोन), 'सलास' (तीन) आलं की माणूस गडबडलाच. हे कळलं आणि मी अख्खा पहिला आठवडा बदलला.

त्यानंतर एक रविवार ठरव, दोन तास, एकच कागद, २०० रुपये आगाऊ. फोनवर नक्की येतो म्हणालेल्यांतले किती जण पैसे पाठवतात ते बघ. ज्यांनी नाही पाठवले त्यांच्यावर रागवू नकोस, कारण विचार, काहींना वेळ जमत नसेल, काहींना कदाचित दुसरंच काही हवं असेल.

सध्या पहिल्या पाच जणांशी बोल आणि ते काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठव. कुणी "अक्षर लागत नाही" म्हणालं तर तसंच लिही, शुद्ध करत बसू नकोस, पोस्टरवर आपण तेच शब्द घालू.