डब्यात ज्यूसचा खोका देण्याआधी

वर्षाच्या आतल्या बाळाला ज्यूस नकोच, घरी काढलेलाही नाही. एक ते तीन वर्षांपर्यंत दिवसाला फार तर १२० मिलि. म्हणजे २०० मिलिचा खोका एकट्याचा नव्हेच.

पुढचं फळाचं चित्र सोडा, खोका मागे वळवा. १०० मिलिला १२ ग्रॅम साखर असेल, तर खोक्यात २४ ग्रॅम, सहा छोटे चमचे! ‘ॲडेड शुगर ०’ असलं तरी फळाची साखर असतेच. चोथा मात्र गेलेला.

नेहमीच्या चुका:
- झोपताना बाटलीतून देणं. दात किडतात.
- जेवणाआधी देणं. मग वरणभात कोण खातंय?

द्यायचाच तर जेवणासोबत, पेल्यातून. एरवी मंडईतून पुरंदरचे अंजीर आणा. पेरू असेल तर बिया काढून बारीक फोडी.