दोन धर्मांच्या घरात वाढलेल्याची श्रद्धा: कोणता शब्द योग्य?

आई-वडील भिन्न धर्मांचे, संस्कार दोन्हीकडचे, आणि प्रौढपणी कोणताही एक धर्म न स्वीकारता स्वतःची वाट लाभलेली. अशा व्यक्तीने मराठीत स्वतःला 'नास्तिक', 'निधर्मी' की 'आध्यात्मिक' म्हणावे, असा प्रश्न आहे.

'नास्तिक' येथे सर्वथा गैरलागू आहे. पाणिनीच्या सूत्रानुसार (४.४.६०) 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक, मनुस्मृतीत तो वेदनिंदक आहे आणि आजच्या मराठीत ईश्वर न मानणारा. 'निधर्मी' हा शब्द मुख्यतः राज्यव्यवस्थेसंबंधी वापरला जातो. शिवाय ज्याला दोन धर्मांचा वारसा मिळाला, त्याला धर्म नसलेला म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

'आध्यात्मिक' अर्थाने बराच जवळचा आहे. 'अधि' आणि 'आत्मन्' यांपासून 'अध्यात्म' होतो, आणि गीतेच्या आठव्या अध्यायातील 'स्वभावोऽध्यात्ममुच्यते' या व्याख्येत पंथाचा उल्लेखही नाही. अडचण आहे ती रूढीची: 'अमुक आध्यात्मिक आहेत' म्हटले की ग्रंथाभ्यास, सत्संग, गुरूपदेश असे चित्र उभे राहते, आणि स्वतःविषयी बोलताना तर त्या शब्दाला अधिकार सांगितल्याचा सूर येतो.

'भाविक' या शब्दाचा विचार सहसा होत नाही, पण तो व्हावा. जत्रेला, उरुसाला किंवा चर्चमधील सणाला जमलेल्या लोकांना मराठी वृत्तपत्रे सारखेच 'भाविक' म्हणतात, इतका हा शब्द धर्माच्या सीमांपलीकडचा आहे. मात्र त्यात दर्शनाला जाणाऱ्याची प्रतिमा ठळक असल्यामुळे, एकांतात मौन किंवा चिंतन करणाऱ्याला तो अपुरा पडेल.

माझे मत असे की, येथे विशेषणाचा आग्रहच सोडावा. 'मी अमुक आहे' या रचनेत श्रोता लगेच गट शोधू लागतो; 'माझी श्रद्धा आहे' या रचनेत श्रद्धा बोलणाऱ्याची राहते आणि ती कशावर आहे, हे सांगणे किंवा न सांगणे त्याच्या हाती राहते. म्हणून मी असे वाक्य सुचवेन: 'दोन्ही धर्मांनी मला घडवले, मी त्यांपैकी कोणताही एक पाळत नाही, पण माझी श्रद्धा आहे आणि माझी साधना मला सापडली आहे.' 'निवडली' म्हटल्यास आईच्या आणि वडिलांच्या धर्मांपैकी एक पसंत केल्याचा भास होतो, आणि 'मिळाली' म्हटल्यास ती वारशाने आली असे वाटते. 'सापडली' या क्रियापदात मात्र आधीचा शोध गृहीत आहे.