मांजरीला वजन दे

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली मांजरीची अ‍ॅनिमेशन क्लिप काल रात्री चार-पाच वेळा पाहिली. हात चांगला आहे तुझा, रेषेत कुठे अडखळणं नाही. पण कपाटावरून उडी मारलेली ती मांजर जमिनीवर टेकतच नाही. कागदाचा कपटा तरंगत खाली यावा तशी येते. सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेम सफाईने भरून दिल्या, पण वजन तुलाच द्यावं लागेल.

त्यासाठी या आठवड्यात विन्सर मॅकेची 'गर्टी द डायनोसॉर' बघ. १९१४ची अमेरिकन मूकफिल्म. मॅके वर्तमानपत्रांत चित्रमालिका काढायचा, आणि गर्टीसाठी त्याने जवळपास १०,००० चित्रं केली. पारदर्शक सेलचा, म्हणजे चित्रं काढायच्या सेल्युलॉइडच्या पातळ पत्र्यांचा, वापर तेव्हा रूढ झाला नव्हता, म्हणून मागचे डोंगर, तळं, दगड हे सगळं प्रत्येक कागदावर नव्याने. ते काम जॉन फिट्झसिमन्स हा त्याचा तरुण मदतनीस करायचा, पातळ राईस पेपरवर, कोपऱ्यांतल्या फुल्या एकमेकींवर जुळवून. नीट बघ, डोंगर किंचित थरथरतात. मला ती थरथर फार आवडते. तिच्यात माणसाचा हात दिसतो.

आता गर्टी पाणी पिते ती जागा. ती अख्खं तळं रिकामं करते आणि तिच्या पायाखालचा काठ खचतो. तिथे थांब, पुन्हा बघ. डायनोसॉर किती जड आहे हे काठाने सांगितलं! तुझ्या क्लिपमध्ये फरशी काहीच सांगत नाही, मांजरीचे पंजेही दबत नाहीत. आणि गर्टी नुसती उभी असते तेव्हाही तिचं पोट हलत असतं. त्या श्वासाचा वेग ठरवायला मॅकेने स्वतःचा श्वास घड्याळ लावून मोजला होता. इतकं साधं, पण आपल्यापैकी किती जण करतात?

त्याची पद्धतही उचल. आधी हालचालीतल्या मुख्य स्थिती काढायच्या, मग दोन स्थितींच्या बरोबर मधली, मग राहिलेल्या जागा. पहिल्या कागदापासून ओळीने काढत गेलं की जनावर वाटेत लहान-मोठं होत जातं. मी सुरुवातीला असे गठ्ठेच्या गठ्ठे वाया घालवले आहेत.

एमिल कोल या फ्रेंच चित्रकाराची 'फँटास्मागोरी' (१९०८) ही छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म मात्र आत्ता नको. बाटलीचं फूल होतं, हत्तीचं घर होतं, सुमारे ७०० चित्रांत नुसती धमाल. तिथे वजनाचा प्रश्नच येत नाही, आणि तुला आत्ता तोच सोडवायचा आहे. आपल्या फाळक्यांनी १९१२मध्ये वाटाण्याचा अंकुर उगवताना टिपला, तोही कॅमेऱ्याचा हँडल थांबून थांबून फिरवत, एकेक फ्रेम. पुढे आगकाड्याही नाचवल्या. त्याविषयी भेटीत बोलू.

मांजर पुन्हा कर. पूर्ण उडी नको, फक्त टेकतानाचा दीड सेकंद. सेकंदाला बारा चित्रं धरलीस तर अठरा होतील. कागदावर, पेन्सिलने. आधी स्वतः स्टुलावरून दहा वेळा उडी मार आणि बघ, गुडघे कधी वाकतात, टाच कधी टेकते, आणि अंग पुन्हा सरळ व्हायला किती वेळ लागतो.

रविवारी गठ्ठा घेऊन ये. लाइट टेबल मोकळं ठेवतो.